वाटा

कसाऱ्याहून पहाटे सुटणाऱ्या लोकलच्या मालडब्याला पावसाळ्यात ओल्या मातीचा आणि चुरगळलेल्या पानांचा वास येतो. खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद करत डबा भरत जातो. फडक्यात बांधलेली गाठोडी, प्लास्टिकच्या गोणी आणि त्यांवर बसलेल्या बायका. ज्येष्ठात पहिल्या सरीला शेवळं येतात आणि त्यांच्याबरोबर काकडं, कारण शेवळाची खाज काकडाच्या आंबटपणाशिवाय मरत नाही. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. दसऱ्याला आपटा. वैशाखात करवंदं आणि जांभळं. कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या स्टेशनाबाहेर हा माल फुटपाथवर मांडला जातो. तराजू नसतो. ओंजळीने ढीग लावतात आणि त्या ढिगाला म्हणतात वाटा.

मी डोंबिवलीत अशा वाट्यांची घासाघीस वर्षानुवर्षं केली आहे. ढीग वाढवून मागायचा, दर उतरवून मागायचा. त्या बाईने पहाटे किती वाजता घर सोडलं आणि आदल्या दिवशी किती डोंगर चढला, हा हिशेब कधी मनात आला नाही. तिनेही तो केलेला नसतो. जाण्या-येण्याचं भाडं, जागेसाठी द्यावे लागणारे पैसे, न खपता सुकून गेलेला माल हे सगळं वजा करून हातात काय उरलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. ढीग आणि हिस्सा या दोन्हींना मराठीत वाटा हा एकच शब्द आहे. शहापूर-मुरबाडच्या आदिवासींचा धंदा समजून घेताना हे दोन अर्थ माझ्या मनात सारखे एकमेकांत अडकत राहिले. ढीग त्यांचा. हिस्सा कुणाचा?

मुंबईपासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर हा मुलूख आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ठाण्याकडे उरलेल्या सात तालुक्यांत खऱ्या अर्थाने जंगल असलेले हे दोनच म्हणायला हरकत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडची काही गावं मोडतात. ठाकर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी इथले. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित मानतं, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. त्यांची वाडी बहुधा गावाच्या टोकाला, अनेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर.

कातकरी या नावातच एक उद्योग आहे. खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून, आटवून कात काढणारा तो कातकरी. विड्याला रंग आणणारा, कातडी कमावायला, कापड रंगवायला लागणारा माल ही माणसं तयार करत होती. कच्चा माल, प्रक्रिया, बाजार ही आजच्या योजनांतली साखळी त्यांच्याकडे होती, फक्त तिला कुणी तसं नाव दिलं नव्हतं. १८७८चा वन कायदा आला, राखीव जंगलं आखली गेली आणि खैर सरकारचा झाला. कात गेला, नाव उरलं. पुढे कोळशाच्या भट्ट्या, नंतर विटांच्या. त्यामुळे आदिवासींना उद्यमशीलता शिकवण्याचं कुणी बोललं की मला जरा अवघडल्यासारखं होतं.

वीटभट्टीचा हिशेब मात्र नीट पाहायला हवा, कारण इथल्या बहुतेक कुटुंबांनी जवळून पाहिलेला धंदा तोच. भादव्यात घरातलं धान्य संपत येतं, गणपती येतात, आजारपण येतं, आणि मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन जोडी निघते: भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल. नवरा-बायको मिळून एक जोडी, मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला मिळते ती मजुरी नसते, ती खर्ची. मीठ-मिरचीपुरती. खरा हिशेब पावसाच्या तोंडावर, भट्टी बंद होताना: एकूण विटा, त्यातून फुटलेल्या वजा, खर्ची वजा, उचल वजा. वही मालकाची, पेन मालकाचं, वजाबाकी मालकाची. पुष्कळ वेळा जोडीच्या अंगावरच पैसे निघतात आणि पुढच्या हंगामाचा ट्रक तिथेच ठरतो. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली. १९८०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सोडवले, ते याच वहीतून.

ही वही दुसऱ्याच्या हातातून काढून घेण्याचे प्रयत्न जुने आहेत आणि गंमत म्हणजे त्यांची सुरुवातही ठाणे जिल्ह्यातच झाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. सावकार आणि जंगल ठेकेदार कसे पिळतात ते त्यात होतं. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीला नकार दिला. पाठोपाठ तेव्हा मुंबई सरकारचे प्रमुख असलेल्या बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, द्यायचा आणि नफा सभासदांत वाटायचा. कल्पना अव्वल होती. पण संस्थेला हात धरून चालवायला एक पुरस्कर्ती संस्था, म्हणजे बाहेरची समाजसेवी मंडळी, जोडलेली असे. हात धरला तो धरलाच. सभासद आदिवासी, चिटणीस शिकलेला आणि बहुधा बाहेरचा, अशी घडी पुष्कळ ठिकाणी पडली. पुढे झाडतोडीवरच निर्बंध आले आणि संस्थांचा श्वास कोंडला.

नंतर सरकार स्वतःच व्यापारी झालं. आदिवासी विकास महामंडळ १९७२चं, नाशिकला मुख्यालय. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा १९७६चा, आणि त्याखाली एकाधिकार खरेदी: ठरलेला शेतमाल आणि वनोपज व्यापाऱ्याने घ्यायचा नाही, आदिवासी सहकारी संस्थांमार्फत महामंडळानेच घ्यायचा. व्यापाऱ्याचा काटा गेला, पण महामंडळाचा काटा कधी लागेल याची वाट पाहणं आलं. माळशेजच्या पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणाऱ्याला घरात रोख हवी असते ती त्याच आठवड्यात. पावसाळ्यात पोट भरण्यासाठीचं खावटी कर्ज ही योजनाही त्याच जातकुळीची. करोनात २०२०मध्ये तिचं अनुदान झालं, कुटुंबाला चार हजार, त्यातले दोन हजार रोख आणि दोन हजारांच्या वस्तू. भुकेल्याला ते हवंच होतं. पण वस्तू कोणत्या, कुणाकडून, कोणत्या दराने, हे ठरवायला ज्याच्या नावावर त्या आल्या त्याला कुणी बोलावलं नाही.

आता गुळवेलीकडे येतो. हिच्यामुळे शहापूरचं नाव दिल्लीच्या प्रसिद्धीपत्रकात झळकलं.

गुळवेल इथे कुठल्याही झाडावर चढलेली सापडते. शहापूरचे सुनील पवार नावाचे कातकरी तरुण आणि त्यांचे दहा-बारा मित्र ती तोडून स्थानिक बाजारात कच्चीच विकत. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या नावाने त्यांनी काम बांधलं. १४ एप्रिल २०१८ला सुरू झालेली पंतप्रधान वनधन योजना केंद्राच्या ट्रायफेड आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत त्यांच्यापर्यंत आली. काम सांगायला सोपं आहे: वेल तोडायची, तुकडे करायचे, आठ-दहा दिवस वाळवायची, शहापूरला आणायची, दळून पूड करायची, पाकिटात भरून वर लेबल लावायचं. केंद्र सरकारच्या पत्रकांनुसार पहिल्या दीड वर्षात १२ लाख ४० हजारांची पूड आणि ६ लाख १० हजारांची सुकी गुळवेल विकली गेली. मग करोना आला, काढ्याचे दिवस आले आणि २०२०-२१मध्ये डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून ३५० टनांची मागणी आली. किंमत १ कोटी ५७ लाख.

वर्तमानपत्रांनी ‘कोटी’ हा शब्द उचलला. मी मात्र भागाकार करून पाहिला. १ कोटी ५७ लाखांना ३५० टनांनी भागलं की किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आत येतं. एवढ्यात झाडावर चढणाऱ्याची मजुरी, वाळवणीतली घट, पाड्यावरून शहापूरपर्यंतचा टेम्पो, गोणी, हमाली आणि ओलावा जास्त निघाला म्हणून होणारी कपात, सगळं बसवायचं. ओल्या वेलीचं वजन उन्हात किती उतरतं ते जिने वाळवली आहे तिला विचारा.

त्याहून अवघड गणित वेळेचं. वेल घेऊन आलेल्या बाईला त्याच दिवशी पैसे हवेत, नाहीतर ती उद्या येणार नाही. कंपनी माल पोचल्यावर, तपासल्यावर, बिल मंजूर झाल्यावर देणार. मधले दिवस कुणी सोसायचे? आजवर व्यापारी सोसत होता, आणि त्याच्या सगळ्या सत्तेचं मूळ तेवढंच होतं: त्याच्या खिशात आज रोख असे. वनधनच्या रचनेत वीस जणांचा एक बचत गट, असे पंधरा गट मिळून तीनशे सभासदांचं केंद्र आणि त्याला १५ लाखांपर्यंत मदत. माणशी पाच हजार पडले. हे सगळे १५ लाख नुसत्या खरेदीला लावले, तरी पंचेचाळीसच्या दराने जेमतेम ३३ टन माल येईल. एकाच केंद्राने ३५० टनांची मागणी पुरी करायची म्हटली, तर ते भांडवल दहाहून जास्त वेळा फिरवावं लागेल. भांडवल फिरवणं म्हणजे कोणत्या पाड्याचा माल आधी घ्यायचा, कुणाला थांबवायचं, कोणती ऑर्डर नको म्हणायची, हे रोज ठरवणं. प्रसिद्धीपत्रकात याचं वर्णन नसतं, आणि धंदा चालतो किंवा बुडतो तो इथेच.

आणि बाजाराचं मन! २०२० संपता संपता मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली दिसली. त्यांचा अभ्यास २०२१मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आयुष मंत्रालयाने तो फेटाळला. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा मंत्रालयाचा एक मुद्दा होता. हा वाद डॉक्टरांनी आणि वैद्यांनी मिटवावा. मला त्यात दुसरंच दिसलं. खरी गुळवेल कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी कोणती, हे निवडण्याची जबाबदारी शेवटी येते ती आसनगाव-डोळखांबच्या डोंगरात वेल तोडणाऱ्या माणसावर. हे ज्ञान त्याचं. मूळ न उपटता खालचा बुंधा राखून वेल तोडली तर ती पुन्हा फुटते, हेही त्याचंच ज्ञान. पण पंचेचाळीस रुपयांत या ज्ञानाचा दर धरलेला नाही.

शहापूरच्या या मुलांनी केलं ते मोठंच आहे. भट्टीच्या ट्रकला पर्याय उभा करणं म्हणजे काय, ते त्या ट्रकमध्ये लहानपण गेलेल्यालाच कळेल. माझी तक्रार कौतुक करणाऱ्यांबद्दल आहे. ऑर्डर आली की आपण टाळ्या वाजवतो. संस्थेची वही कोण लिहितं, ती सभासदांसमोर वाचली जाते का, एका उमद्या तरुणाच्या अंगावर सगळा भार आहे की त्याच्यामागे पाच जण तयार होताहेत, हे विचारायला कुणी जात नाही. याच मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. कार्ड घासायची यंत्रं आली, कॅमेरे आले. पुढे तिथे नोटांनीच व्यवहार चालतात अशाही बातम्या आल्या, तेव्हा कॅमेरे नव्हते.

कायद्याने मात्र वहीची जागा करून ठेवली आहे, आणि ती बरीच भक्कम आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची मानली. २००६च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क आणि सामूहिक वनावर राखण-व्यवस्थापनाचा हक्क दिला. २०१२च्या सुधारित नियमांनी तर वाहतुकीचा परवाना देण्याचं कामही ग्रामसभेच्या समितीकडे दिलं. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४चे. त्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते: पाडा किंवा वाडी ठराव करून स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकते. गट ग्रामपंचायतीच्या सभेत कातकरी वाडीचा माणूस शेवटच्या रांगेत, उभा. त्याच्या वाडीची सभा त्याच्या वाडीत भरली तर तो बसून बोलेल. २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना येतो आणि तो कसा खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. म्हणजे पैसा आहे, अधिकार आहे, खातंही आहे.

हे वापरलं तर काय होतं, ते गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने दाखवलं. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल ही नावं पुष्कळांना नवी नाहीत. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. लोक बांबूच्या पैशांविषयी बोलतात. पण त्याआधी वीसेक वर्षं तिथे अभ्यासगट चालत होते आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होत होते. बांबू विकण्यापूर्वी गाव हिशेब मांडायला आणि ऐकायला शिकलं होतं.

दूरचं एक उदाहरण, कारण ते नेमकं गुळवेलीच्याच हंगामातलं आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात मेंबर्टू नावाची मिकमॉ आदिवासींची वस्ती आहे. १९९०च्या दशकात ती कर्जात बुडालेली होती. टेरी पॉल तिथले प्रमुख. त्यांनी आधी घरचा हिशेब उघड्यावर आणला, शिकून शहरात गेलेली आपली माणसं परत बोलावली आणि कारभारासाठी आयएसओ प्रमाणपत्र घेतलं. आदिवासी शासनाने असं काही घेण्याची ती पहिलीच वेळ. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये याच मेंबर्टूच्या पुढाकाराने मिकमॉ समूहांनी एका भागीदाराबरोबर क्लिअरवॉटर ही बलाढ्य मासळी कंपनी सुमारे एक अब्ज कॅनेडियन डॉलरला घेण्याचा करार केला. निम्मा वाटा त्यांचा. हार्वर्डच्या स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी १९८७पासून अमेरिकेतल्या आदिवासी समूहांच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. त्यांचा एक निष्कर्ष असा, की जिथे धंद्याचं संचालक मंडळ राजकीय पुढाऱ्यांपासून वेगळं ठेवलं, तिथे धंदा नफ्यात चालण्याची शक्यता बरीच जास्त होती.

हा निष्कर्ष जसाच्या तसा शहापुरात आणता येणार नाही, असं मला वाटतं. तिकडे टोळीचं स्वतःचं सरकार आहे, म्हणून त्यापासून धंदा वेगळा करायचा प्रश्न येतो. इथे वाडीची ग्रामसभाच अजून कागदावरून उठून बसायची आहे. पण अर्धा भाग घेण्यासारखा आहे. कोणत्या जंगलातून किती तोडायचं, किती राखायचं, नफ्याचं काय करायचं हे ग्रामसभेने ठरवावं. आजचा दर काय आणि टेम्पो कधी निघणार हे धंदा सांभाळणाऱ्या चार जणांना ठरवू द्यावं, त्यात सरपंचाने आणि पुढाऱ्याने लुडबुड करू नये. कंपनी कायद्याच्या २००२च्या दुरुस्तीने आलेल्या उत्पादक कंपनीत दहा उत्पादकांना एकत्र येता येतं, भाग कितीही असोत, मत एकच. ढाचा बरा आहे, पण त्याला दरवर्षी लेखापरीक्षक लागतो, विवरणपत्रं लागतात, आणि ती बहुधा ठाणे-कल्याणच्या कचेऱ्यांतून भरली जातात. वही पुन्हा वाडीबाहेर.

तारणाचीही अडचण आहे. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जाऊ नये, हा महसूल कायद्यातला बंध हवाच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो, ५ जून २०२५ला तो खुला झाला, आणि आता फार्महाऊसवाले, गोदामवाले रस्त्याच्या दोन्ही अंगांनी नजर लावून आहेत. बंध काढला तर पाच वर्षांत सातबारे साफ होतील. पण ज्या जमिनीला सहज गिऱ्हाईक मिळणार नाही ती तारण घ्यायला बँक नाखूश असते. मग कर्ज कशावर मिळणार? सामूहिक वनहक्काच्या जंगलात उभ्या मालावर, ग्रामसभेच्या खात्यातल्या उलाढालीवर, असं कुणी म्हटलं तर बँकेचा शाखाधिकारी अजून गोंधळून बघतो.

याच मुलखातून मुंबईला जाणाऱ्या पाण्याचं तर बोलायलाच नको. तानसा धरण १८९२चं, मोडकसागर १९५७चं, नंतर भातसा, मध्य वैतरणा. मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकटी भातसा उचलते. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतात. मुरबाडला काळू नदीवर धरणाचं काम वन खात्याची मंजुरी नसताना सुरू झालं, तेव्हा इंदवी तुळपुळे आणि त्यांची श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. संघटनेची माणसं तेव्हा ग्रामसभांचे ठराव काढून दाखवत होती. एरवी ज्या कागदाकडे कुणी पाहत नाही, तोच तिथे कामाला आला.

दिवाळीच्या सुमारास पाऊस सरलेला असतो आणि ऊन कडक झालेलं असतं. गुळवेल वाळवायला हेच दिवस चांगले. भट्टीचे ट्रक निघतात तेही याच दिवसांत. भादव्यात उचल घेतलेली जोडी तेव्हा मागे राहू शकत नाही, वेल झाडावर कितीही भरलेली असो. वनधन केंद्राची खरेदी दिवाळीनंतर सुरू होत असेल तर तोवर तोडणारे हात भिवंडीला गेलेले असतील. ती भादव्यातच सुरू व्हायला हवी, निदान आगाऊ रक्कम म्हणून, वाडीच्या वहीत नाव लिहून, चार जणांसमोर मोठ्याने वाचून. मुकादम येतो तो गणपतीच्या आधी येतो.